भुताची दाढी

या, टेका इथं. तो फोन आधी खिशात घाला, गोष्ट संपेपर्यंत बाहेर काढायचा नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याला त्याच्याच दुकानात, त्याच्याच आरशासमोर, हातात धारदार वस्तरा असताना लोक येऊन मारून जायचे. दिवसाढवळ्या, हसत हसत. त्याच्या अंगावर कधी ओरखडा उठला नाही. रक्त निघालं ते भलत्याचंच. बसलात नीट? मग ऐका.

सलून दोघा भावांचं, बापानं मागे ठेवलेलं. समोर भिंतभर आरसा, पाठीमागे भिंतभर आरसा, रस्त्याच्या बाजूला काच, आणि दोन खुर्च्या. काचेजवळच्या खुर्चीवर थोरला, आतल्या खुर्चीवर धाकटा. गिऱ्हाइकं त्यांना थोरला-धाकटाच म्हणतात, नावं रेशनकार्डाला. थोरला कायम सफाचट, गालावरून बोट फिरवलं तर घसरावं असा. धाकट्याला दाढी, काळीभोर, कडा पट्टी ठेवून आखल्यासारख्या. तर त्या दिवशी सकाळी थोरल्याच्या खुर्चीत खिळेवाला बसला होता, म्हणजे शेजारचा खिळे-बिजागऱ्या विकणारा, बापाच्या वेळचं गिऱ्हाईक. अर्धी दाढी झाली होती. कानाखाली, जबडा वळतो तिथं त्याचे केस भोवऱ्यासारखे उगवतात. तिथली कातडी अंगठ्यानं ताणून, श्वास रोखून वस्तरा उतरवावा लागतो. थोरल्यानं श्वास रोखला होता. दार उघडलं. एक इस्त्रीचा शर्ट आत आला, खांद्याला ऑफिसची बॅग. त्यानं फोन उचलला तो सरळ थोरल्याच्या तोंडासमोर. फोन विजेची ठिणगी उडावी तसा कडाडला. "गेलास रे भूता!" इस्त्रीवाला ओरडला आणि हसत पायऱ्या उतरून गेलासुद्धा. थोरल्याचा हात हलला असेल तांदळाएवढा. पांढऱ्या फेसात आधी गुलाबी ठिपका आला, मग त्याची रेघ झाली, मग रेघ वाहायला लागली.

"गळा आहे माझा," खिळेवाला दातांतून म्हणाला, "टरबूज नाही."

थोरल्यानं तुरटी दाबून धरली. बोटाखाली दुसऱ्याच्या गळ्याची शीर टकटक करत होती. आयुष्यात गिऱ्हाइकाला कापलं नव्हतं असं नाही, शिकताना सगळेच कापतात. पण तेव्हा बाप मागे उभा असायचा आणि पाठीत एक बुक्की मिळाली की प्रकरण मिटायचं. आता मागे कोण? त्यानं मान वर केली, आणि समोरच्या आरशात मागचा आरसा, त्या आरशात समोरचा, अशा सगळ्या काचांच्या गल्लीत त्याला धाकटा दिसला. धाकट्याच्या खुर्चीत कुणी नव्हतं. तो कंगवे पुसत होता. कोण होता, काय होता, दादा तुला लागलं का, काही नाही. एकेक दात पुसत होता कंगव्याचा. अनोळखी माणसानं तोंडावर येऊन मेलास म्हणावं याचं थोरल्याला जेवढं वाटलं नाही, तेवढं त्या खाली घातलेल्या नजरेचं वाटलं.

आणि दुसरी एक गोष्ट त्याच घटकेला झाली. धाकट्याला शोधताना त्याला आरशात तो स्वतः दिसला. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आरशाच्या दुकानातच उभा आहे तो. पण विचारा कुणाही कारागिराला. दिवसभर समोर आरसा असतो आणि आपण आपल्याला दिसत नाही. दिसतात ते कल्ले, डावा उजव्यापेक्षा खाली आलाय का. दिसतो तो टाळू, मान, दुसऱ्याचं नाक. आपला चेहरा म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा एक फिकट डाग. त्या डागाला आज डोळे आले होते. पडलेले गाल, ओठ अर्धवट उघडे. हा कोण बुवा, असं त्याला खरोखर क्षणभर वाटलं. बिनओळखीचा शर्ट ज्याला ओळखून गेला, त्याला तो स्वतः ओळखत नव्हता.

खिळेवाला गेला आणि थोरल्यानं विचारलं, "कोण होता तो?"

"कुठला?"

"माझा सासरा. कुठला म्हणून विचारतोय."

धाकट्यानं कंगवा ठेवला. दाढी खाजवली. खोटं बोलायचं असलं की तो लहानपणी कान खाजवायचा. आता दाढी होती म्हणून दाढी. "खेळ आहे रे दादा. टिपाटिपी म्हणतात. प्रत्येकानं आपला चेहरा फोनात घालायचा, टीम करायच्या, आणि मग रस्त्यात, बाजारात, दिसेल तिथं दुसऱ्या टीमच्या माणसाला टिपायचं. फोनच्या चौकटीत चेहरा सापडला की तो मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जिवंत. जो जास्त दिवस न सापडता टिकेल, त्याच्या टीमला गुण जास्त."

"आणि मी कुठून आलो यात?"

"आमच्या टीमला एक टिकणारा माणूस पाहिजे होता."

"तुझं थोबाड घालायचंस."

"मी सगळीकडे फिरतो, मी काय टिकणार? तू बघ ना. घर नि दुकान, दुकान नि घर. तुझ्याकडे कोण वळून बघतंय? सगळ्या शहरात तुझ्याइतका न दिसणारा माणूस नाही दादा. वरच्या क्रमांकाला पोचलास तू! भूत म्हणतात तुला. कौतुकानं म्हणतात."

आता बघा, माणसाला शिवी दिली तर तो उलटी शिवी देतो. हे कौतुक होतं. कौतुकाला काय उलटं देणार? थोरला तुरटी धूत राहिला. आणि तुरटी धुता धुता त्याला ती दुपार आठवली. पाऊस नाही, ऊन नाही, असली एक मळकट दुपार, दुकानात कुणी नाही. धाकटा फोन घेऊन समोर आला होता. "दादा, जरा इकडे बघ. आता डावीकडे. आता उजवीकडे. हनुवटी वर घे. डोळे मिट, उघड. हस की थोडा, कुणी मेलंय का?" आणि थोरला हसला होता. मध्येच थांबवून आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला होता, पाण्यानं केस बसवले होते. धाकट्यानं इतका वेळ त्याच्याकडे कधी बघितलं होतं? इतक्या बाजूंनी? भिंतीवर बापाचा फोटो होता, हातात कात्री धरलेला, नेहमीसारखा वैतागलेला. थोरल्याला वाटलं, पोरगं माझा फोटो करून आणतंय त्याच्याशेजारी लावायला. विचारलं नाही. अशा गोष्टी विचारल्या की वितळतात. दुसऱ्या दिवशी खिळेवाल्याकडून एक खिळा आणला आणि धाकटा जेवायला गेलेला असताना बापाच्या फोटोशेजारी ठोकून ठेवला. वाट बघितली. खिळा कशाला आहे, हे धाकट्यानं कधी विचारलं नाही, आणि थोरला रोज दुकान उघडताना आधी त्या खिळ्याकडे बघायचा. डावीकडे, उजवीकडे, हनुवटी वर. आता त्याला आपलं ते हसू आठवलं आणि कानशिलं तापली. एवढं नागडं आपण बापासमोरसुद्धा हसलो नसू.

"काढून टाक तो चेहरा," तो म्हणाला.

"आत्ता नाही काढता येत. सामने चालू आहेत. मध्येच काढला तर सगळ्या टीमचे गुण बुडतात, मला कुणी दारात उभं करणार नाही. थोडे दिवस सोस ना."

"आणि खिळेवाल्याचा गळा?"

"तुरटी लावलीस ना," धाकटा म्हणाला.

ते वाक्य थोरल्याच्या डोक्यात जाऊन बसलं, चपलेत खडा बसावा तसं. कारण दुसऱ्या दिवसापासून जी रीघ लागली! भूत कुठं उभं असतं हे एकदा फुटल्यावर काय विचारता. सकाळी भूत जिवंत व्हायचं आणि शटर वर गेलं की कुणी ना कुणी मारायला हजर. बसचा कंडक्टर, पिशवीतून कोथिंबीर डोकावणारी बाई, नर्सच्या कपड्यातली एक मुलगी; ती तर काचेवर टकटक करून, मान वर करायला लावून टिपायची आणि "थँक्यू काका" म्हणून जायची. एकाला दुसरा मारून गेल्याचं कळायचं नाही, मग तोही टिपून बघायचा, फोन कडाडला नाही की शिव्या द्यायचा, आणि त्या थोरल्यालाच. केस कापायला कुणी येत नव्हतं त्यातलं. थोरला त्यांच्या लेखी माणूस नव्हताच, रस्त्यावरचा पिकलेला आंबा होता, आधी दिसेल त्याचा. आणि हात. हात आता कडाडल्यावर हलत नव्हता, आधीच हलायचा. आवाजाला माणूस सरावतो, वाट बघण्याला सरावत नाही. गिऱ्हाइकानं चादरीखाली रुमालासाठी खिसा चाचपला तरी वस्तरा हवेत थांबायचा. दाराची बिजागरी करकरली की मानेवरचे केस उभे राहायचे. त्याला आता माणसं दिसेनाशी झाली, हात दिसायला लागले. प्रत्येक हातात एक काळी पाटी आणि पाटीच्या पाठीवर काळे डोळे, पापणी नसलेले. पापणी असती तर कधी तरी लवली असती.

खिळेवाला पुढच्या खेपेला सरळ आतल्या खुर्चीत जाऊन बसला. "तुझ्या हाताला जरा आराम पाहिजे रे," असं म्हणाला, भिंतीकडे बघून. मग एकेक करत दाढी करून घेणारे सगळे आत सरकले. थोरल्याकडे मशीननं भादरायचे तेवढे राहिले. मशीनला थरथर चालते, ती स्वतःच थरथरत असते. आतल्या खुर्चीवर धाकटा शीळ घालत, तळहातावर फेस घोळवत दाढ्या करायचा, आणि थोरला आरशातून बघायचा. त्याचा हात बघायचा. काय हात होता! आपणच शिकवलेला. धाकट्याच्या स्वतःच्या पहिल्या दाढीला वस्तरा लावला तो थोरल्यानं, लव नुसती होती ओठावर आणि पोरगं गुदगुल्या झाल्यासारखं हसत होतं. तो हसण्याचा आवाज आता आठवला की थोरल्याच्या तोंडात कडू यायचं. त्याला वाटायचं, शीळ बंद कर. नुसती शीळ बंद कर, बाकी काही मागत नाही.

घरी तो खिडकी लावून घ्यायला लागला. बायको म्हणाली, "उजेडाशी भांडण झालंय का?" स्वयंपाकघरात तिचा फोन फळीवर टेकून ठेवलेला असायचा, तो येताजाता पालथा करायला लागला.

"माझ्या फोननं काय घोडं मारलंय तुमचं?"

"बघतोय तो."

"बघू दे की. तेवढं तरी कुणी बघतंय." ती हसली, पण त्याचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. मग म्हणाली, "भाऊजींना ठणकावून सांगा की. तिथं तोंडाला कुलूप आणि इथं माझ्या फोनला शिक्षा."

सांगणार काय? सोस ना, म्हणाला होता तो. थोरला सोसत होता. त्यानं एक युक्ती काढली होती: दार वाजलं की मान खाली घालायची, हनुवटी छातीत रुतवायची, जमिनीवरचे केस बघत राहायचं. चेहरा नाही तर टिपणार काय? काही दिवस चाललं. मग एक दिवस तो पहिला इस्त्रीवाला परत आला. थोडा वेळ उभा राहिला. मग जवळ आला आणि दोन बोटं थोरल्याच्या हनुवटीखाली घालून त्यानं चेहरा वर उचलला, हळूच, अगदी हळूच, आणि दुसऱ्या हातानं टिपला. बोटांना संत्र्याचा वास होता. कडाडलं. गेला. थोरला तसाच उभा, हनुवटी वर, जशी त्यानं ठेवली होती तशी. तुम्हाला वाटेल, एवढंच? पण बापानं वस्तरा हातात देण्याआधी महिनोन्महिने एकच गोष्ट शिकवली होती, हनुवटी उचलणं. दोन बोटं, नखं लागता कामा नयेत, आणि आधी "वर घ्या" म्हणायचं. "माणूस गळा उघडा करतो आपल्यापुढे," बाप म्हणायचा, "विचारल्याशिवाय हात लावलास तर तू कारागीर नाहीस, खाटीक." इतकी वर्षं थोरल्यानं शहराच्या हनुवट्या उचलल्या, प्रत्येक वेळी "वर घ्या" म्हणून. आणि आतल्या खुर्चीवरची शीळ? ती त्या वेळी थांबली होती. धाकट्यानं बघितलं होतं. बघितलं, आणि मग परत शीळ सुरू झाली, जिथं तुटली होती तिथूनच.

आता त्या घरातली एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून, हे दोघं भाऊ एकमेकांची दाढी करायचे. बापानं लावून दिलेलं. भांडा, डोकी फोडा, म्हणायचा, पण आठवड्याला एकदा एकमेकांपुढे गळा आलाच पाहिजे. बाप गेल्यावरही चुकलं नव्हतं. लग्नं झाली, वेगळ्या चुली झाल्या, अबोले झाले, पण तो दिवस आला की दोघं मुकाट्यानं दुकानात. त्या दिवशीही आले. आधी थोरला बसला. धाकट्यानं फेस लावला, दोन बोटं हनुवटीखाली घातली. "वर घे." विचारलं त्यानं, हे खरं. पण थोरल्याला संत्र्याचा वास आला.

"डोळे मिट ना दादा. नेहमी मिटतोस."

"उघडेच बरे."

"मला काय भितोस की काय?"

थोरला छताकडे बघत राहिला. वस्तरा गालावरून गेला, मग उलटा गेला, हलका, बेफिकीर. झालं. मग अदलाबदल. धाकटा खुर्चीत रेलला, फोन मांडीवर. "कडाच फक्त सरळ कर. जास्त आत जाऊ नकोस, संध्याकाळी टीमबरोबर जायचंय." गरम टॉवेल त्याच्या डोळ्यांवर पडला तसा त्यानं सुस्कारा सोडला, अंग सैल सोडलं. थोरला वस्तरा घेऊन उभा राहिला. बाहेर, अर्ध्या शटरखालून, फुटपाथवर उभे पाय दिसत होते. सुट्टीला पण आले होते लोक, भूत कधी तरी बाहेर पडेलच म्हणून. त्यातले नर्सचे पांढरे बूट त्याला ओळखू आले. त्यानं धाकट्याकडे बघितलं. टॉवेलखाली नाक, त्याखाली दाढी, आणि दाढीखाली कुठं तरी बापाचा जबडा. त्याच्या मनात काही ठरलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. कडाच करायला वाकला होता. आणि धाकट्यानं शीळ घातली. दोन सूर, टॉवेलखालून, सुखानं.

थोरल्यानं वस्तरा कानाशी टेकवला आणि एका दमात हनुवटीपर्यंत ओढला.

काळी दाढी गळून चादरीवर पडली. शीळ बंद झाली. धाकट्यानं हात उचलायला बघितलं, टॉवेल घसरला, डोळे उघडले, आणि त्याला आरशात आपला अर्धा चेहरा दिसला.

"दादा, काय केलंस हे!"

"हलू नकोस. गळ्याशी आलोय."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"वर घे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं घेतली. काय करणार? धार गळ्याच्या घाटीवर होती, गिळायचीसुद्धा चोरी. आणि थोरल्याच्या तेव्हा ध्यानात आलं, हात थरथरत नव्हता. दगडासारखा थांबला होता. इतके दिवस रुसलेला हात परत आला होता, आणि आला तो कशावर, तर या आतून चढलेल्या काळ्या संतापावर. भावाची शीर बोटाखाली टकटक करत होती, आणि त्याला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. त्यानं घाई केली नाही. उरलेली बाजू, मिशी, ओठाखालचा ठिपका, मग सगळीकडून उलटा हात. तुरटी फिरवली. टॉवेलनं टिपून बाजूला झाला. आरशात दोघं होते. एकच कपाळ, एकच जबडा, एकच पडका गाल. मागच्या आरशात परत तेच, त्यामागे परत तेच, बापाच्या तोंडाची माणसं ओळीनं उभी, एकालाही दुसऱ्याची तोंडओळख असेल असं वाटत नव्हतं.

"हाडं एकाच बापाची," थोरला म्हणाला. "जा आता. टीम वाट बघतेय."

धाकट्यानं फोन घेतला, शटरखालून वाकून बाहेर गेला. थोरल्यानं वाकून शटरखालच्या काचेतून बघितलं. आधी एक कडाड, मग "गेला! भूत गेलं!" असा पोरकट आरडाओरडा, मग दुसऱ्या बाजूनं दुसरा धावला. धाकटा आधी हसला, मी नाही, मी दुसरा, असे हात हलवले. ते कोण ऐकतंय? फोनला पटलं होतं. त्यानं मान खाली घातली तसा एकानं पुढे होऊन हनुवटी धरली आणि वर केली. न विचारता. आणि वर झालेल्या त्या चेहऱ्यानं वळून काचेकडे बघितलं. रागानं नाही बघितलं हो. लहानपणी शाळेच्या दारात मोठी पोरं घेरायची तेव्हा बघायचा तसं, दादा कुठाय. थोरला काचेच्या आत तसाच वाकून उभा होता, हातात वस्तरा, वस्तऱ्यावर भावाची दाढी. एक पाऊल पुढे टाकायचं होतं. शटर वर करायचं होतं. तो उभा राहिला. बघत राहिला. डोळ्याची पापणी लवली नाही त्याची.

धाकट्यानं त्याच दिवशी तो चेहरा खेळातून काढून टाकला. "काढलाय," एवढंच म्हणाला दुसऱ्या दिवशी, ड्रॉवरमध्ये बघत. मारेकरी यायचे बंद झाले. दुकान पूर्वीसारखं चालतं, आतल्या खुर्चीपाशी तरी. थोरल्याचा हात? दाढी सुरू केली की परत पानासारखा हलतो. एकदाच थांबला होता तो, आणि कशानं थांबला होता हे आठवलं की जास्त हलतो. आणि सुट्टीच्या दिवशी धाकटा एकटा येतो. बापाच्या फोटोशेजारी तो खिळा आहे ना, त्याला त्यानं एक छोटा आरसा अडकवलाय. त्यात बघून स्वतःची दाढी स्वतः करतो, भिंतीकडे तोंड करून. थोरल्याचे खुंट वाढलेत. सफाचट माणूस, आता गालावर पांढरं-काळं कुसळ. स्वतःच्या गालाला वस्तरा लावायची हिंमत होत नाही आणि भावाला म्हणवत नाही. दार वाजलं की अजून दचकतो, आणि मग आशेनं बघतो.

तुमचीही दाढी वाढलीय, मघापासून बघतोय मी. एक काम करा माझं. उद्या सकाळी तिकडे जा, आत रिकामी दिसली तरी आतल्या खुर्चीवर जाऊ नका, काचेजवळच्या खुर्चीत बसा. फोन काढू नका. तो "वर घ्या" म्हणेल, तेव्हा गळा वर घ्या, आणि हात हलताना दिसला तरी, कृपा करा, डोळे मिटून घ्या.